खांबाशेजारची खुर्ची

३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण हल्ली एकदा खाली गेलो की वर यायला माणूस लागतं, म्हणून उभ्यानेच घे.

परवा रेकॉर्डिंगला मला एक हशा मिळाला. एकच. तो कितीला पडला ते आधी सांगतो. आठवडाभराची झोप, घशाच्या गोळ्यांची अख्खी बाटली, नव्या सदऱ्याची घामाने लागलेली वाट, आणि घरी आल्यावर आमच्या हिची ‘जाऊ दे, पुढच्या वेळी हसतील’ ही सहानुभूती. यात शेवटची बाब सगळ्यांत महाग. बरं, हसलं तरी कोण? मागच्या रांगेतले एक गृहस्थ. मी नंतर मुद्दाम त्यांना गाठून आभार मानले, तर ते बिचारे म्हणाले, “माफ करा हं, मला ठसका लागला होता.”

पण हे आपलं गमतीत. काळजीचं काही नाही. रेडिओवरची आपली ‘शनिवारची शेपूट’ झकास चालली आहे. महिन्याला दोन-तीन रेकॉर्डिंगं, हॉल भरलेला, बाहेर चपलांचा ढीग. ‘उघडे कान’ हे माझं पुस्तकही बरं खपतंय. परवा तर वाचनालयातून चोरीला गेलं म्हणे. चोराने शेजारचा शब्दकोश सोडला आणि माझं नेलं. लेखकाला याहून मोठा पुरस्कार नाही.

प्रत तुला पाठवून दोन महिने झाले. मिळाली असेलच.

आता एक विचारतो. तू का येत नाहीस? पुस्तक निघाल्यापासून तुझी खुर्ची रिकामी आहे. पहिली रांग, खांबाशेजारची. इतकी वर्षं एकही रेकॉर्डिंग न चुकवणारी बाई, आणि आता म्हणे गुडघे! ताई, गुडघ्यांनी कुणी हसतं का? गाडी पाठवतो, दारातून उचलून आणायला माणूस पाठवतो. तो माणूस मीच असेन, म्हणजे नंतर आपल्या दोघांना उचलायला तिसरा पाठवावा लागेल, ते वेगळं.

तुझ्या खुर्चीवर परवा केंद्रातल्या कुणीतरी रेनकोट ठेवला होता. मला फार लागलं ते.

बाकी मी ठणठणीत आहे. कान तर असे आहेत की जिन्यावरच्या पावलांवरून सांगावं कोण येतंय, आणि तो घरून भांडून निघालाय की नाही तेही. धंदाच कानांचा आमचा. पुस्तकात लिहिलंय तेच पुन्हा सांगतो. तोंड वेडंवाकडं करून हसवणारे वेगळे. मी रेडिओचा माणूस. माझा चेहरा कुणाला दिसत नाही, आणि दिसला तर श्रोते कमी होतील. जन्मभर नुसत्या शब्दांवर जगलो. माझ्या एकाही हशामागे शब्दाशिवाय दुसरं काही नाही. केंद्राच्या कपाटात माझ्या सर्वांत लांब हशाची फीत जपून ठेवली आहे. तिच्या डब्यावर तो विनोद लिहिलाय, स्वल्पविरामासकट.

फोन केला होता. तू उचलत नाहीस. भाऊजी म्हणाले, “ती कुंड्यांना पाणी घालतेय.”

ये ना गं.

तुझा,
भोंगा


११ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. माझ्या लांबलचक पत्राला तुझं उत्तर असं: ‘पुस्तक वाचलं. छपाई चांगली आहे. गुडघे तसेच. गार वाऱ्यात कानटोपी घाल.’ ताई, तू संपादक व्हायला हवी होतीस. माझं पुस्तक निम्मं झालं असतं आणि दुप्पट बरं.

फोन पुन्हा केला. सकाळी केला, तू कुंड्यांना पाणी घालत होतीस. दुपारी केला, पाणी. काल संध्याकाळी केला तेव्हा बाहेर अवकाळी धो धो कोसळत होता, तरी तू पाणीच घालत होतीस. एव्हाना कुंड्यांत मासे झाले असतील. भाऊजी जन्मभर रेल्वेचे सिग्नलमन. त्यांच्या खात्यात एक खोटं म्हणजे समोरासमोर दोन गाड्या, त्यामुळे त्या माणसाला थाप मारायची सवयच नाही. ‘कुंड्या’ म्हणायच्या आधी ते घसा खाकरतात. माझ्या कानांतून असल्या गोष्टी सुटत नाहीत.

तेव्हा मी काय समजायचं ते समजलो. हातपंप.

पहिल्या प्रकरणात मी तुझ्या हसण्याचं वर्णन केलंय ना, की ‘ताईचं हसणं बंद पडलेल्या हातपंपासारखं. आधी काहीच येत नाही, मग खोल खालून घरघर ऐकू येते, आणि मग एकदम भसाभसा. त्या भसाभस्यात मग सगळा हॉल भिजतो.’ मला वाटलं, छान उतरलंय. आमच्या हिने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“बाईमाणसाला हातपंप म्हणालात?”

“कौतुकाने म्हटलंय.”

“मला कौतुकाने कधी काही म्हणू नका.”

मी लगेच प्रकाशकाकडे धावलो. दुसऱ्या आवृत्तीत बदलता येईल का विचारलं. तो म्हणाला, “कारंजं करा.” मी म्हटलं, कारंजं चौकात असतं आणि ठरलेल्या वेळी उडतं, माझी ताई तशी नाही. मग तो म्हणाला, “धबधबा?” मी म्हटलं, धबधब्याला आधीची घरघर कुठे असते? शेवटी तो वैतागून म्हणाला, “मग हातपंपच ठेवा आणि बहिणीची माफी मागा, ते स्वस्त पडेल.” म्हणून मागतोय.

पण ताई, त्याच पानावर हातपंपाखाली काय लिहिलंय तेही बघ ना. ‘माझ्या ताईइतके तिखट कान मी या देशात दुसरे पाहिले नाहीत. समीक्षकांना माझा विनोद दुसऱ्या दिवशी कळतो, श्रोत्यांना संपल्यावर कळतो, आणि ताईला तो संपायच्या अर्धा क्षण आधी. शब्द ओठांवर यायच्या आतच त्याची चाहूल तिच्या कानांना लागते. तिच्या कानांनी पास केला नाही असा एकही विनोद मी कधी दुसऱ्यांदा केला नाही.’ हे लिहिताना माझे डोळे भरून आले होते. आता एका हातपंपापायी एवढं सगळं वाहून जावं?

आणि खोटं काय आहे त्यात? दुकान आठवतं ना? पुढे बाबांचं शिलाईचं मशीन, मध्ये पडदा, मागे आपण. तू काजं करायचीस आणि मी बटणं निवडायचं निमित्त करून बसायचो. पुढे गिऱ्हाईक आलं की मी पडद्याआड त्याची नक्कल सुरू करायचो. तो ढेरपोट्या वकील मापाच्या वेळी श्वास आत ओढायचा आणि म्हणायचा, “मास्तर, ही टेप आटली आहे.” मी तस्सं करून दाखवलं, तर तू तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलास. आधी काही नाही, मग बोळ्यातून घरघर, आणि मग बोळा थेट पडद्यावरून उडून वकिलाच्या टकलावर. बाबांनी मला झोडपलं. तू मात्र तोंड धुऊन, शहाण्यासारखी काजं करत बसलीस. त्या दिवशी मला कळलं की हसणाऱ्याला कुणी मारत नाही, मारतात ते हसवणाऱ्याला. तरीही मी तोच धंदा निवडला.

बाबा म्हणायचे, “हा भोंगा पुढे खाणार काय?” पुढे बसस्थानकावर मला खरंच भोंग्यावर बोलायची नोकरी लागली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर एवढंच सांगायचं होतं. मी सांगायचो, “गाडी उशिरा येत आहे, चालकाची समजूत काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत.” प्रवासी हसायचे, साहेब नाही. तिथून हाकललं तेव्हा रेडिओवाल्यांनी उचललं. जग म्हणतं, पठ्ठ्या स्वतःच्या जिवावर वर आला. मीही म्हणतो, मुलाखतींत तर फारच म्हणतो. पण पहिल्या रेकॉर्डिंगला माझी दातखीळ बसली होती आणि हॉल स्मशानासारखा गप्प होता. तेव्हा खांबाजवळून ती घरघर आली, आणि मग भसाभसा. ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. आणि आमच्या ध्वनिमुद्रकाला, बटण्याला. तोही म्हणतो, “ताई आल्या की माझ्या मशीनवरच्या आवाजाच्या काट्याला जीव येतो.”

काटा सध्या आजारी आहे. थोडासा. म्हणजे सगळं ठीकच आहे.

हातपंप काढतो. शप्पथ. ये.

तुझा माफी मागणारा,
भोंगा


१९ मार्च

प्रिय ताई,

‘हातपंप राहू दे. चांगला आहे. गुडघे.’ हे तुझं कार्ड मी उलटंसुलटं करून वाचलं. मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. म्हणजे हातपंपावर राग नाही. मग कशावर आहे?

आता खरं सांगतो. इतके दिवस ‘झकास आहे, ठीक आहे’ म्हणत होतो, ती थाप होती. शेपूट झकास नाही, शेपूट गळून पडायला आली आहे. तू यायची थांबल्यापासून एकाही रेकॉर्डिंगला हॉल धड हसलेला नाही. मी तोच, आवाज तोच, मजकूरही वाईट नाही. पण मी वाक्य टाकतो आणि ते विहिरीत दगड टाकल्यासारखं जातं. मी वाट पाहतो. बुडुक असंही होत नाही.

नव्या संचालकबाईंनी मला बोलावलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलतात अशा की मीच त्यांचा भाचा. म्हणाल्या, “काका, वाईट वाटून घेऊ नका. एकतर आपण हशाची फीत वापरू, नाहीतर कार्यक्रम सन्मानाने थांबवू.” मी म्हटलं, “डब्यातलं हसू? माझ्या कार्यक्रमात?” तर त्यांनी लगेच नमुने ऐकवले. ताई, त्यांच्याकडे हसण्याचे प्रकार आहेत, साबणासारखे. ‘मध्यम, कौटुंबिक.’ ‘मोठे, पुरुष जास्त.’ ‘सौम्य, जेवणानंतरचे.’ बटण्या बिचारा खाली मान घालून एकेक वाजवत होता. ‘मोठे, पुरुष जास्त’ ऐकताना मला वाटलं, ही सगळी माणसं एव्हाना मेलेली असतील आणि अजून हसतायत.

मी शेवटची एक संधी मागून घेतली. पुढचं रेकॉर्डिंग. त्यात हॉल हसला तर शेपूट राहील, नाही तर कापली.

मधल्या काळात मी काय काय केलं ते ऐक. तुझ्या खुर्चीवर आधी आमच्या हिला बसवलं. ती घरी माझ्यावर पुष्कळ हसते, पण माझ्या विनोदावर नाही. रेकॉर्डिंगभर पिशवीतली किराणामालाची पावती तपासत बसली. घरी येऊन, कपडे बदलून, दिवा मालवताना एकदम फिसकन हसली. म्हणाली, “त्या चपलेचं आत्ता कळलं.”

मग मी हास्य क्लबच्या अध्यक्षीणबाईंना बोलावलं. अनुभवी बाई, रोज सकाळी बागेत हात वर करून हसतात. त्यांना सांगितलं होतं, “मनमोकळं हसा.” मी ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणालो आणि त्या सुटल्या. पाहुण्यांची ओळख करून दिली, हसल्या. दिवंगत सहकाऱ्याला श्रद्धांजली वाहिली, तेव्हा तर हात वर करून हसल्या. त्या सहकाऱ्याच्या पत्नी दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांना अजून मी फोन केलेला नाही.

असं सगळं आहे. मी लोकांना सांगत आलो की मला कुणाची गरज लागली नाही. पुस्तकात तर तसं एक प्रकरणच आहे. पण मला ती खुर्ची भरलेली लागते, ताई. बाकी हॉल रिकामा असला तरी चालेल.

फोन तू उचलत नाहीस, पत्रात गुडघे लिहितेस. म्हणून रविवारी मी स्वतः येतोय. रागावली असशील तर तोंडावर रागाव. आणि कुंड्यांना त्या दिवशी तरी पाणी घालू नकोस.

तुझा,
भोंगा


५ एप्रिल

प्रिय ताई,

तू विचारशील, परवाच तर भेटलो, मग पत्र कशाला? याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, तुला सांगायचं ते आता कागदावरच धड पोचतं हे मला उशिरा का होईना कळलंय. दुसरं म्हणजे, रविवारी तू पाठमोरी होतीस आणि परवा हॉलमध्ये डोळे मिटून हसत होतीस. दोन्ही वेळी काय झालं ते तुला दिसलेलं नाही. तेवढं लिहितो.

रविवारी तुमच्या दारावरची घंटा मी वाजवली. परत वाजवली. खिडकीतून तू दिसत होतीस, माझ्याकडे पाठ, आणि हातात खरोखरच झारी! मी मनात म्हटलं, बघ कशी मुद्दाम करते आहे. दार उघडंच होतं. मी चपला काढून हळूच आत आलो आणि तुझ्या मागे उभा राहिलो. म्हटलं, हिला हसवल्याशिवाय राग जायचा नाही. म्हणून मी बाबांचा खोकला काढला. तो गिऱ्हाईक आल्यावरचा, ज्याने आपण दोघं पडद्याआड ताठ व्हायचो. तू वळली नाहीस. मग ढेरपोट्या वकील काढला. टेप आटली आहे. तू एक पिवळं पान खुडलंस. मग मी आईच्या आवाजात तुझं नाव घेतलं, ते लाडाचं, जे आता घ्यायला मी सोडून कुणी उरलेलं नाही.

तू शांतपणे पुढच्या कुंडीकडे गेलीस.

मी तिथे उभा होतो, ताई. ‘उघडे कान’चा लेखक. जिन्यावरची पावलं ओळखणारा.

तेवढ्यात भाऊजी स्वयंपाकघरातून आले. मला बघून त्यांनी घसा खाकरला. पण या वेळी कुंड्यांचं नाव घेतलं नाही. खांद्यावरचं तांबडं फडकं काढलं आणि तुला दिसेल असं उंच धरून आडवं हलवलं. जन्मभर गाड्या थांबवल्या त्याच हाताने. तू थांबलीस, वळलीस, मी दिसलो, आणि तू पहिला शब्द काय बोललीस? “गुडघे.”

पुढचं तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूने मला ते पुन्हा लिहावंसं वाटतं, कारण मी अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

मी विचारलं, “कधीपासून?” तू माझ्या ओठांकडे बघत होतीस. म्हणालीस, “उजवा आधीच गेला होता. मग डावा. हॉलमधलं तर कितीतरी वर्षांत काही ऐकलेलं नाही.”

“मग मला कसं कळलं नाही?”

“तू कधी मला काही विचारलंस का? तू येतोस, बोलतोस, जातोस. मी मान हलवते. तुझ्याशी बोलायला कान लागत नाहीत रे.”

भाऊजी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले. शहाणा माणूस. आणि मी बावळटासारखा विचारलं, “पण मग तू हसायचीस कशाला?”

“तू कान ओढतोस ना.”

“कोण मी?”

“बाबांना थाप मारायच्या आधी डाव्या कानाची पाळी ओढायचास. अजून तसाच ओढतोस. ओढलीस की मला कळतं, आता हा काहीतरी सोडणार. मग तुझा तो साळसूद चेहरा बघून मला राहवत नाही. खांबाजवळून नीट दिसतोस, मध्ये तो माईकचा दांडा येत नाही.”

म्हणजे अर्धा क्षण आधी. शब्द ओठांवर यायच्या आत. देशातले सर्वांत तिखट कान!

“मग आता यायची का थांबलीस?”

तू झारी खाली ठेवलीस. “तुझं पुस्तक वाचलं. हातपंप वाचून खूप हसले. खाली ते कानांचं वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या देशात तू छापून दिलंस की हिच्या कानांनी पास केल्याशिवाय मी विनोद करत नाही. मग मी कुठल्या तोंडाने त्या खुर्चीवर बसू? शिवी दिली असतीस तर आले असते रे. कौतुक केलंस, तिथे अडकले.”

आणि मग तू ते म्हणालीस, जे मी जन्मात विसरणार नाही: “बाकी पुस्तक उपयोगी पडलं. इतकी वर्षं आपण कशाला हसत होतो ते पहिल्यांदाच कळलं. त्यातले तीन-चार चांगले आहेत.”

तीन-चार! ताई, पुस्तकात शेकड्यांनी आहेत.

मी कानाच्या मशीनचं काढलं तर तू म्हणालीस, “नको बाई. ऐकू यायला लागलं आणि हसू आलं नाही तर?” मी हसलो खरा, पण खरं सांगू का, ती भीती मलाही वाटली. तरी डॉक्टरांकडे नेलं ते बरं केलं. भाऊजींचा हात आता फडकं हलवून दुखतो. बोलत नाहीत, पण दुखतो.

आता परवाचं. तू आलीस, खांबाजवळ बसलीस, पर्स मांडीवर घेतलीस. काचेमागे बटण्याने तुला बघून दोन्ही हात जोडले. संचालकबाई घड्याळ काढून त्याच्या शेजारी उभ्या होत्या. आणि इथे माझी पंचाईत सुरू झाली. तू सांगितल्यापासून मला माझा डावा हात कुठे ठेवावा कळेना. जन्मभर जो हात मला न विचारता वर जायचा, तो आता परवानगी मागायला लागला. शिवाय मनात अहंकार जागा झाला. म्हटलं, एकदा तरी नुसत्या शब्दांवर हसवून दाखवतो. हात खिशात घातला आणि सुरू झालो.

बसस्थानकाचा किस्सा सांगितला. शांतता. चपलेचा सांगितला. शांतता. तू माझ्याकडे अशी बघत होतीस जशी माणसं न येणाऱ्या गाडीकडे बघतात. मागे कुणीतरी जांभई दिली. ती मात्र मला स्वच्छ ऐकू आली. काचेमागे संचालकबाईंनी बटण्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने नाइलाजाने फितींच्या डब्याकडे हात नेला. मी मनात म्हटलं, ‘मध्यम, कौटुंबिक’ येणार आता.

मी हात खिशातून काढला. वर नेला. डाव्या कानाची पाळी धरली आणि ओढली.

आणि पुढचं वाक्य विसरलो.

साफ. पाटी कोरी. तोंड उघडं, हातात कान, आणि डोक्यात काही नाही. नुसता तुझ्याकडे बघत उभा राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग खोल खालून घरघर आली. तू पर्स तोंडावर धरलीस, पण पर्स म्हणजे काही चिंध्यांचा बोळा नव्हे. भसाभसा! तुझ्या शेजारचे गृहस्थ तुझ्याकडे बघून हसले, त्यांच्या शेजारचे त्यांच्याकडे बघून, आणि मग अख्खा हॉल भिजला. मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं की लोक आणखी हसत. तुझे डोळे मिटले होते, गालावरून पाणी वाहत होतं, त्यामुळे पुढचं तू पाहिलंच नाहीस. काचेमागे बटण्याने डोकं टेबलावर ठेवलं होतं आणि त्याची पाठ हलत होती. संचालकबाई खुर्चीचा हात धरून खाली बसत होत्या. आणि मी, ताई, मीही हसत होतो. आपल्याच कार्यक्रमात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नंतर मी काहीही बोललो आणि लोक हसले. एकदा हातपंप सुरू झाला की कुणीही दांडा मारावा.

शेपूट राहिली. संचालकबाईंनी डब्यातलं हसू कपाटात परत ठेवायला सांगितलं. बाहेर पडताना मला म्हणाल्या, “काका, तो कानाच्या वेळचा विनोद काय होता हो? हसण्यात ऐकायचा राहिला.” मी म्हटलं, “रेडिओवर ऐका.”

दुसऱ्या आवृत्तीत कानांची ती वाक्यं काढायला सांगितली आहेत. हातपंप ठेवलाय. तुझं मशीन पुढच्या महिन्यात येईल. तोवर दोन रेकॉर्डिंगं आहेत, हसून घे. मशीन आल्यावर पहिल्यांदा मला ऐकायला बसशील तेव्हा मात्र आधी सांग, मी कानटोपी घालून येईन. आणि रविवारी मी येतोय. मी बोलणार नाही. तू बोल. कुंड्यांपासून सुरुवात कर, मला सगळं ऐकायचं आहे.

काल बटण्या आला होता. परवाचा हशा केंद्राच्या इतिहासातला सर्वांत लांब ठरला, म्हणून माझ्या जुन्या फितीच्या जागी आता तो ठेवायचा आहे. डब्यावर विनोद काय लिहू, विचारत होता. आम्ही दोघांनी ती फीत पुन्हा पुन्हा लावली. तुझी घरघर सुरू होते त्याच्या आधी त्या फितीवर काहीही नाही. बटण्याने डब्यावर लिहिलं: ‘हशा. शब्द नाहीत.’

तुझा,
भोंगा